जीपीडब्ल्यू अपडेट: व्हेपर लॉक नव्हताच तो

माझी जुनी जीप तापली की चढावर बंद का पडते, ते सापडलं एकदाचं! पूर्ण नाही, पाऊण म्हणा, पण परवा भर दुपारी पन्हाळ्याचा चढ न थांबता चढली गाडी. वर जाऊन आधी चहा घेतला आणि मग पुढचा घोळ झाला, तो खाली सांगतो.

नवीन मंडळींसाठी एका ओळीत: १९४३ ची फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे फोर्डने बनवलेली लष्करी जीप, डिस्पोजलमधून (लष्कराच्या लिलावातून) कधीकाळी सुटलेली, मधल्या मालकाने मॅटाडोरचं डिझेल इंजिन ठोकलेलं, ते काढून मी मूळ घाटणीचं एल-१३४ पेट्रोल इंजिन बसवलंय. आणि हो, पुढचा क्रॉस मेंबर (चॅसीचा आडवा दांडा) उलट्या यू चा आहे, विलिज कंपनीच्या तशाच जीपसारखा गोल पाईपचा नाही, त्यामुळे "विलिज असेल ओ तुमची" हे आता बास. अजून शंका असेल त्यांनी घरी यावं आणि बोल्टांच्या डोक्यावरचे एफ बघावेत.

तर रोग असा, की थंड असताना नाद खुळा पळायची. सकाळी जोतिबाला जाऊन यायची, काही नाही. पण ऊन तापलं आणि चढ लागला की आधी जरा अडखळायची, मग धक्के, मग फुस्स. बॉनेट उघडून अर्धा तास सावलीत उभी केली की परत काही झालंच नाही अशा थाटात चालू. ज्याला विचारलं त्याचं उत्तर ठरलेलं: व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची लाईनमध्येच वाफ होऊन अडकणं. एसी कंपनीच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाक. मी टाकलं, फडकं वाळलं, गाडी बंद. पेट्रोलच्या लाईनला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचा उपाय पण करून झाला, आणि माझं प्रामाणिक मत असं की ते चिमटे दोरीवरच बरे.

मग इग्निशनच्या, म्हणजे ठिणगीच्या वायरिंगच्या मागे लागलो, कारण तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू हे लक्षण कंडेन्सर किंवा कॉईल जायला लागली की पण येतं. आणि आजकालचे नवे कंडेन्सर म्हणजे काय सांगू, डब्यातून काढताना चांगला आणि डेल्कोत (डिस्ट्रिब्युटरमध्ये) बसवल्यावर रामराम. शेवटी मेस्त्रींनी त्यांच्या ड्रॉवरमधला एका जुन्या डेल्कोतून काढलेला कंडेन्सर दिला, तो अजून ठणठणीत चालतोय. जुना चालू कंडेन्सर मिळाला तर फेकू नका, एवढं तरी माझं ऐका. पॉइंट परत ०.०२० इंचाला लावले, ६ व्होल्टची कॉईल बदलली. पण बंद पडलेल्या गरम गाडीत प्लग काढून बघितला तर ठिणगी निळी आणि कडक. म्हणजे वीज बरोबर होती.

आणि इथेच खरी गंमत कळली. तो प्लग ओला होता! काळा आणि ओला. आता विचार करा, व्हेपर लॉक म्हणजे लाईनमध्ये किंवा पंपात पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो, कारबला (कार्ब्युरेटरला) पेट्रोलच पोचत नाही. मग प्लग कोरडा पाहिजे, ओला कसा? माझ्या गाडीवर काचेच्या वाटीचा पंप आहे, त्याची वाटी बघितली तर भरलेली, बुडबुडा नाही. मग कारबवरचा क्रॉसओव्हर हॉर्न (हवा आणणारा तोंडावरचा भाग) काढून टॉर्चने आत बघितलं. इंजिन बंद, आणि नोझलमधून पेट्रोल टपटप इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीत) पडतंय. बाऊलमधलं, म्हणजे कारबच्या वाटीतलं पेट्रोल अक्षरशः उकळत होतं. म्हणजे गाडी उपाशी मरत नव्हती, पिऊन पिऊन मरत होती. आणि एवढे दिवस आम्ही सगळे तिला अजून पाजायचे उपाय करत होतो.

तापमान मोजायची इन्फ्रारेड गन घेतलीय, स्वस्तातली, पण गेल्या वर्षातली सगळ्यात कामाची खरेदी. बाऊल ८० अंशाच्या वर दाखवत होता. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० च्या आसपासच उकळायला लागतात. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं, आणि इथेनॉल मिसळलं की पेट्रोलचा मधला भाग अजून कमी तापमानाला उडून जातो. गंमत म्हणजे इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची. काही जण १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाक म्हणतात. अरे ६.४८ एवढ्या कमी कॉम्प्रेशनचं इंजिन आहे, त्याला ऑक्टेनचं काय कौतुक.

पण इथेनॉल नुसतं निमित्त. बाऊल एवढा तापतोच का हा खरा प्रश्न होता. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेला असतो आणि एक्झॉस्टच्या आत एक हीट कंट्रोलची झडप असते. इंजिन थंड असताना बायमेटलची स्प्रिंग ती झडप अशी धरते की गरम गॅस वर इनटेकच्या पोटाला लागून जावा, म्हणजे थंडीत पेट्रोलची वाफ नीट व्हावी. इंजिन तापलं की स्प्रिंग सैल पडते, बाहेरचं वजन खाली येतं, झडप फिरते आणि गॅस सरळ सायलेन्सरकडे. अमेरिकेतल्या हिवाळ्यासाठी झकास. माझ्या गाडीत ते बाहेरचं वजन हलतच नव्हतं. शाफ्ट गंजून मॅनिफोल्डशी एकजीव, स्प्रिंगचा नुसता कोळसा, आणि झडप अडकलेली थंडीच्या पोझिशनला. म्हणजे मे महिन्यातल्या कोल्हापुरात ती इमानेइतबारे कारबला शेक देत होती.

आता काढायची कशी? गंजतेल मारून रात्रभर ठेवलं, गरम केलं, परत तेल, परत गरम. वजन हललं नाही ते नाहीच. शेवटी पूर्ण मॅनिफोल्ड उतरवायचं ठरलं, आणि ज्याची सगळ्यांना भीती असते तेच झालं, मागचा एक स्टड (मॅनिफोल्ड धरणारा बिनडोक्याचा बोल्ट) ब्लॉकच्या लेव्हलला कट्कन तुटला. ते काम मी स्वतः करणार नव्हतोच. लेथवाले काका घरी आले, तुटलेल्या स्टडवर नट ठेवून आतून वेल्डिंग केलं, लालभडक असतानाच पाना लावला आणि हळूहळू मागेपुढे करत अख्खा बाहेर काढला. ड्रिलला हात लावायची वेळ आली नाही. त्या क्षणी मी ब्लॉकचं चुंबन घ्यायचं बाकी ठेवलं होतं.

इनटेक आणि एक्झॉस्ट वेगळे केल्यावर अजून एक भेट: एक्झॉस्टला मधल्या पोर्टजवळ तडा. पुण्यात नाना पेठेत चौकशी केली, मुंबईत ऑपेरा हाऊसला पण. नंतरच्या सीजे-३बी जीपचं सामान भरपूर, पण त्या एफ-हेड इंजिनात इनटेक हेडमध्येच असतो, त्यामुळे त्याचा मॅनिफोल्ड इथे उपयोगाचा नाही. एका दुकानदाराने "सेम टू सेम बसेल" म्हणून फोटो पाठवला, तो कशाचा होता देव जाणे. मग शिवाजी उद्यमनगर झिंदाबाद. मेस्त्रींनी भट्टीत आधी अख्खा पीस तापवला, निकेलच्या रॉडने थोडं थोडं वेल्डिंग, प्रत्येक टाक्यानंतर हलके ठोके, आणि मग राखेत पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत गार. बिडाचं काम घाईत गार केलं की शेजारीच नवा तडा जातो. नंतर दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना बोल्टने जोडून, एकत्रच सरफेस ग्रायंडिंग. हे महत्त्वाचं आहे. वेगवेगळे घासले तर ब्लॉकवर बसताना एक टेकतो आणि दुसरा हवा ओढतो, आणि मग महिनाभर कारब ट्यून करत बसा.

झडपेचा शाफ्ट कापून काढला, नवा स्टेनलेसचा बनवला, बुश थोडे सैलच ठेवलेत. आता प्रश्न स्प्रिंगचा. बरेच जण दोन्ही मॅनिफोल्डच्या मध्ये पत्र्याची प्लेट टाकून हीटच बंद करतात, स्वस्त आणि मस्त. मी पण तेच करणार होतो, प्लेट कापून तयार होती. पण झडप इतकी सुंदर फिरायला लागली की मन होईना. सध्या वजन तारेने बांधून झडप कायमची तापलेल्या इंजिनाच्या पोझिशनला, म्हणजे गॅस सरळ सायलेन्सरकडे, ठेवलीय, आपल्या थंडीला चॉक पुरतो. स्प्रिंग बाहेरून मागवायची की नाही ते बघू, कस्टम धरून भाव ऐकला की तारच बरी वाटते. शिवाय कारबखाली बेकेलाईटचा जाड स्पेसर घातला, आणि कार्टर (म्हणजे कारबच) उघडलाच होता म्हणून फ्लोट पण ३/८ इंचाला नीट लावला, तो बराच वर होता.

रिझल्ट: त्याच चढावर, त्याच दुपारी, बाऊल आता ५५ च्या आसपास. अडखळणं नाही, धक्के नाहीत, तिसऱ्या गिअरमध्ये गात गात वर.

आणि मग तो चहा. वीस मिनिटं गाडी उभी, परत स्टार्टर मारला तर नुसती गरगर. पाय पूर्ण दाबून धरल्यावर बऱ्याच वेळाने धूर काढत चालू झाली. म्हणजे चालताना प्रश्न सुटला, पण बंद केल्यावर ब्लॉकची उष्णता वर चढते, पंप ते कारब या तुकड्यातलं पेट्रोल फुगतं, कारबमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या सुईवर दाब येतो आणि बाऊल परत ओसंडतो. (६ व्होल्टवर स्टार्टर हळू फिरतो म्हणून लगेच १२ व्होल्ट कर म्हणू नका. जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग दिलं की ६ व्होल्ट भरपूर आहे.)

यावर उपाय रिटर्न लाईन. कारबच्या आधी टी आकाराचा जोड, त्यात दीड मिलिमीटरचं बारीक भोक, तिथून टाकीकडे परत. दाब आपोआप उतरतो आणि चालताना लाईनमधून गार पेट्रोल फिरत राहतं. अडचण एवढीच की टाकीला नवं भोक पाडायला जीव होत नव्हता, गंज काढून, टेस्ट करून आत्ताच बसवलीय सीटखाली. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: पेट्रोलचा काटा बंद पडलाय म्हणून सेंडर (टाकीतलं पेट्रोल मोजून काट्याला सांगणारा भाग) तसाही काढायचाच आहे! त्याचा कॉर्कचा फ्लोट बुडालाय, कारण कॉर्कवर लाखेचा थर असतो आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, परत तेच इथेनॉल. मग रिटर्नची निपल सेंडरच्या प्लेटवरच का ब्रेझ करू नये? टाकीला हात नाही, आणि कधी मूळ करायचं झालं तर नुसती प्लेट बदलायची. फ्लोट पितळेचा करून घेतो. इलेक्ट्रिक पंपाचा बेत होता तो या क्षणी रद्द.

रंगाचं विचारणाऱ्यांना: ऑलिव्ह ग्रीन नाही म्हणजे नाही. सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्सच्या नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, आणि मला नाक्यानाक्यावर भाषण द्यायचं नाहीये. व्हीए सिरीजचे, म्हणजे व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे कागद करायचेत. ५० वर्षांवरची गाडी, २०,००० रुपये फी, १० वर्षांची मुदत, पण चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे बदल चालत नाहीत, म्हणूनच मॅटाडोर काढायचा एवढा खटाटोप. रोज फिरवता येणार नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरतीच, ते मान्य आहे. रंगाला आता राखाडी डोक्यात आहे, डिस्पोजलनंतर कुणा बागायतदाराने रंगवली असती तसा. बायको म्हणते पांढरा. बघू.

सध्या हवंय ते एवढंच: सेंडरच्या प्लेटचं पॅकिंग, कॉर्कचं नको, विटॉन रबराचं. आणि कुणाकडे मूळ सेंडर सुटा पडला असेल तर प्लेटचा फोटो स्केल ठेवून पाठवा, निपल कुठल्या बाजूला घेतली तर सीटच्या फ्रेमला लागणार नाही ते बघायचंय.