तरंगलेलं अंडं

एरवी माझ्या हातात गवत कापायचं यंत्र असतं, एप्रिलमध्ये छत्री. न्यू जर्सीतल्या एका गावाच्या उद्यान खात्यात आहे मी, आठ वर्षं झाली. छत्री पावसासाठी नव्हे. कॅनडा गूजच्या घरट्याजवळ गेलं की नर मान जमिनीलगत लांबवून फिस्कारत अंगावर येतो. उघडी छत्री मध्ये धरली की तिच्यावरच पंख आपटत राहतो. एकाने छत्री सांभाळायची, दुसऱ्याने अंडी. (मराठीत हंस म्हणावं तर डोळ्यांसमोर सरस्वती येते आणि पुढचं सांगवत नाही. म्हणून गूजच म्हणतो.)

घरट्यात पाच-सहा अंडी असतात, मादीने स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून केलेल्या गादीत. या पक्ष्यांची संख्या वाढू नये म्हणून एकेक अंडं उचलून बादलीतल्या पाण्यात सोडायचं. तळाला गेलं की कोवळं. ते पुसायचं, मक्याचं तेल चोळायचं, पेन्सिलीने फुली मारायची, परत ठेवून वर पिसं पांघरायची. तेल दुकानातलंच, आमच्याकडे भजी तळतात तसलं. त्याने कवचाची छिद्रं बुजतात आणि आतल्या जिवाला हवा मिळत नाही. अंडी उचलून नेली तर मादी पुन्हा घालते, तेल लावून ठेवली तर बिचारी तशीच बसून राहते. सगळी पद्धत या फसवणुकीवर उभी आहे.

अंडं तरंगलं तर मात्र हात लावायचा नाही. म्हणजे चौदा दिवस उलटलेत, आत पिल्लू आकाराला आलंय, आता मारणं क्रूरपणा. उबवण साधारण २८ दिवसांची, त्याच्या मध्यावर ही रेघ.

गावाकडे आई खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायच्या आधी अशीच पातेल्यात सोडून बघायची. तरंगलं की, "गंदं आहे, टाक उकिरड्यावर." इथे तरंगलेलं वाचतं. पहिल्या वर्षी माझा हात सवयीने उलटाच जायचा.

तर २४ एप्रिल. वाचनालयामागचं तळं, विलोच्या बुंध्याशी घरटं, सहा अंडी. त्या दिवशी छत्री फोरमनकडे होती. यादीतली बरीच घरटी उरली होती आणि त्याचा जीव जेवणाच्या सुट्टीत अडकलेला. माणूस वाईट नाही, पण त्याच्या लेखी घरटं म्हणजे कागदावरची एक टिकली. पहिली पाच अंडी तळाला गेली. आडवी पडली नाहीत, टोकावर उभी राहिली. उभं राहणं म्हणजे बुडणंच, असं आम्ही धरतो. एकेकाला लगेच तेल लावत गेलो. सहावं उभं राहिलं, डुललं आणि तळापासून बोटभर वर आलं.

"बादली हलली तुझी," फोरमन म्हणाला. "लाव तेल."

मी नाही लावलं. तसंच कोरडं ठेवलं आणि कागदावर पाच लिहिले.

त्याच संध्याकाळी गावसभा होती. विषय हाच. एका गटाने २००९ सालचं हडसन नदीत उतरलेलं विमान काढलं. इंजिनांत गूज गेले होते, १५५ माणसं नशिबाने वाचली. दुसऱ्या गटाने २०१० मधलं ब्रुकलिनचं प्रॉस्पेक्ट पार्क काढलं. तिथे जुलैत, पिसं झडून पक्ष्यांना उडता येत नाही तेव्हा, जवळजवळ चारशे पकडून गॅस देऊन मारले. एक गृहस्थ म्हणाले, यांना कॅनडात परत पाठवा. यांनी कॅनडा बघितलाय कुठे? शिकारी आमिष म्हणून जिवंत गूज पाळायचे. १९३५ मध्ये त्यावर बंदी आली तेव्हा कितीतरी सोडून दिले. त्यांची पिल्लावळ इथेच रुजली. आणि आता पाण्याच्या कडेपर्यंत मखमली हिरवळ आम्हीच राखतो. कोल्हा लांबून दिसेल असं आखूड, कोवळं गवत म्हणजे गूजला पंगतच. काठाने दहा फूट रुंदीच्या पट्ट्यात गवत वाढू द्या, असं मी तीन वर्षं सांगतोय. "अव्यवस्थित दिसेल" म्हणून नाकारतात. वर हीच मंडळी पोरांना घेऊन पाव टाकायला येतात.

शेवटी ठरलं ते अंड्यांना तेलच लावत राहायचं. कोणालाच इजा नाही म्हणून दोन्ही गटांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बाहीला अजून तेलाचा वास येत होता. बादलीबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

७ मे रोजी त्या तळ्याकाठी गवत कापायला गेलो तर जोडपं पाण्यात, मध्ये एकच पिवळं पिल्लू. यंत्र बंद केलं आणि बोटांवर मोजलं. तेरा दिवस. अठ्ठावीसातून तेरा गेले, पंधरा. मादी शेवटचं अंडं घातल्यावरच बसते, म्हणजे सगळ्या अंड्यांचं वय जवळपास एकच. मग ती पाचही पंधरा दिवसांचीच होती. एखादा दिवस इकडेतिकडे धरला तर चौदा. धरायचा का, हे मला अजून ठरवता येत नाही.

घरट्यात पाच फुल्या थंड पडल्या होत्या. पिशवीत भरल्या. फोडून बघितल्या नाहीत. हे पक्षी १९१८ च्या कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे ३१ ऑक्टोबरपर्यंत वॉशिंग्टनच्या वन्यजीव खात्याला आकडे कळवावे लागतात. तिथे पाच जातील.

रविवारी आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने पिल्लाचं कौतुक केलं नाही.

"एक वर आलं तेव्हा बाकीची पाच परत सोडून बघितली नाहीस पाण्यात?"

"तेल लावून झालं होतं गं."

"पुसायचं होतंस की मग."