शेजार शोधणारं नेटवर्क

मोबाइल कंपनीचा पैसा टॉवर उभारला म्हणजे संपत नाही. इंजिनिअरची गाडी साइटवर किती वेळा जाते आणि शेजारी सेलच्या (सेल म्हणजे एका अँटेनाचा टापू) याद्या भरण्यात प्लॅनिंगवाल्यांचे किती दिवस जातात, यावर पुढचा बराच खर्च ठरतो. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने रिलीज ८ या आवृत्तीत एलटीईबरोबरच (४जी) ‘सॉन’, म्हणजे स्वतःची मांडणी स्वतः करणारं नेटवर्क, आणलं ते हेच काम हलकं करायला.

नवं बेस स्टेशन चालू झालं की आधी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून आयपी पत्ता घेतं. कारखान्यातच भरलेलं उत्पादकाचं सर्टिफिकेट दाखवून ऑपरेटरचं सर्टिफिकेट मिळवतं, सिक्युरिटी गेटवेपर्यंत आयपीसेक टनेल (कूटबद्ध वाट) बांधतं, सॉफ्टवेअर आणि कॉन्फिगरेशन उतरवून घेतं आणि शेवटी एमएमईशी (नेटवर्कच्या गाभ्यातला नियंत्रक) एस-१ जोडणी करतं. साइटवरच्या माणसाकडे अँटेना, केबल आणि वीज एवढंच उरतं. अडतं ते साध्या गोष्टींवर. पोर्टवर व्हीलॅन (जाळ्यातल्या वाटेचा क्रमांक) चुकलेला असतो, किंवा पेटीचा सीरियल नंबर सर्व्हरवरच्या नोंदीशी जुळत नाही. दोन साइटच्या पेट्यांची अदलाबदल झाली तर जास्त वाईट: दोन्ही स्टेशनं बिनतक्रार सुरू होतात, पण एकमेकांचं कॉन्फिगरेशन घेऊन.

सगळ्यात जास्त श्रम वाचवतं ते एएनआर, म्हणजे शेजारी सेल आपोआप शोधणारं फंक्शन. समजा, फोनने कळवलं की पीसीआय (सेलचा छोटा ओळख नंबर) २१७ चा सिग्नल जोरात येतोय, आणि हा नंबर स्टेशनच्या यादीत नाही. स्टेशन त्याच फोनला त्या सेलची जगभरात एकमेव असणारी ओळख वाचायला सांगतं. त्यासाठी फोनला थोडी उसंत लागते. डीआरएक्स, म्हणजे ही उसंत, आखूड ठेवलं तर वाचन अर्धवट राहतं आणि शेजारी सापडतच नाही. ओळख मिळाली की स्टेशन एमएमईमार्फत समोरच्याचा आयपी पत्ता मागवतं आणि दोन स्टेशनांमधली एक्स-२ जोडणी होते. यादी हाताने भरायची गरज उरत नाही.

एलटीईत पीसीआय ५०४ च आहेत, म्हणून ते पुन्हा पुन्हा वापरावेच लागतात. एकाच सेलच्या दोन शेजाऱ्यांना तोच नंबर मिळाला की हँडओव्हर (फोन एका सेलकडून दुसऱ्याकडे सोपवणं) भलतीकडे जातो. ५जीमध्ये नंबर १००८ झाले, तरी दाट वस्तीत हा प्रश्न सुटलेला नाही.

रिलीज ९ मधली दोन फंक्शनं मात्र डोळे मिटून चालू करू नयेत. एमएलबी गर्दीच्या सेलमधले फोन शेजारी ढकलतं, एमआरओ लवकर किंवा उशिरा होणारे हँडओव्हर दुरुस्त करतं, आणि दोघांच्याही हाती एकच खुंटी असते: सेलचा ऑफसेट, म्हणजे हँडओव्हर ठरवताना सिग्नलच्या मोजमापात मिळवायचे डेसिबल. एकाने दोन डेसिबल वाढवायचे, दुसऱ्याने उतरवायचे, आणि मधल्या फोनने दोन सेलमध्ये टोलवाटोलवी सोसायची. ऑफसेटला दोन्हीकडून मर्यादा घाला आणि एका वेळी एकाच फंक्शनला हात लावू द्या.

रिलीज १० पासून फोनच मोजमापं आणून देतात, त्यामुळे गाडी फिरवून सिग्नल मोजायच्या ड्राइव्ह टेस्ट खूप कमी झाल्या. पण एक फेरी वाचवू नका. दोन सेक्टरच्या (अँटेनांच्या दिशांच्या) अँटेनापर्यंत जाणाऱ्या फीडर केबल उलटसुलट लागल्या असतील तर एएनआर तक्रार करत नाही, त्या चुकीच्याच मांडणीवर शेजारी जोडत जातं. फोन घेऊन टॉवरभोवती एक चक्कर मारा आणि प्रत्येक अँटेनासमोर पीसीआय तपासा.