अड्ड्यावरचा राखेचा बुधवार

मी नगर जिल्ह्यातल्या एका कॅथलिक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समाजात, मास्तर आहे. शाळेतला मास्तर नव्हे. फादर नसतील तेव्हा प्रार्थना चालवायची, पोरांना धर्मशिक्षण द्यायचं, मयतीला सगळ्यांत आधी पोचायचं, हे माझं काम.

आमचं उपासनेचं वर्ष आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी, नोव्हेंबर सरता सरता सुरू होतं. तेव्हा गावातली निम्मी कुटुंबं गावात नसतात. मुकादमाची उचल अंगावर असते, ती फेडायला कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात. सप्टेंबरातली हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा तेवढी त्यांना मिळते. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या, नाताळ, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस, सगळं फडात जातं. ईस्टर लवकर आला आणि पट्टा पडला नसेल, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला नसेल, तर तोही. वर्षाच्या अहवालात मग या घरांपुढे ‘अनियमित’ असा शेरा पडतो. मला तो शब्द सहन होत नाही. पहाटे तीनला थंडीत फडात उभ्या राहणाऱ्या माणसाला अनियमित म्हणायचं, आणि आपण कधी त्याच्या कोपीपर्यंत गेलो नाही याचा रकाना मात्र अहवालात नाही.

उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो; त्या दिवशी कपाळावर राखेचा क्रूस काढतात. म्हणून २०२४ साली, त्या बुधवारी, १४ फेब्रुवारीला, राख घेऊन मी त्यांच्या अड्ड्यावर, तोडणीवाल्यांच्या कोप्यांच्या वस्तीवर, गेलो.

राख मी स्वतः करतो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या शिंदीच्या झावळ्या लोक घरात क्रुसामागे खोचून ठेवतात. त्या राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी गोळा करायच्या आणि लोखंडी घमेल्यात जाळायच्या. वारा नको, नाहीतर निम्मी राख उडून जाते. जाळल्यावर ती करडी असते आणि तिच्यात काड्या राहतात. मग खलायची आणि जुन्या मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळायची. काही ठिकाणी नुसतं पाणी ओतून चिखल करतात, ते चूक. ओल्या राखेचा खार उतरतो आणि कपाळ चुरचुरतं, लहान मुलांचं तर जास्तच. मी खोबरेल तेलाचे चार थेंब घालतो. बोटाला बसते, क्रूस नीट उमटतो. सकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादरांनी राख आशीर्वादित केली, त्यातली स्टीलच्या डबीत घेऊन मी मोटरसायकलला किक मारली. सत्तर किलोमीटर.

अड्ड्यावर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता, पण माणसं नव्हती. गाड्या कारखान्याच्या गेटवर रांगेत होत्या. खाली होऊन परत यायला नऊ वाजले. त्या दिवशी जळीत ऊस तोडायला मिळाला होता, त्यामुळे सगळ्यांची तोंडं काजळीनं काळी. राख लावायची कुठे? बायकांनीच सांगितलं, ‘थांबा मास्तर, तोंड धुऊन येतो.’ त्या दिवसाच्या शुभवर्तमानात प्रभू म्हणतो की उपास कराल तेव्हा तोंड धुवा. इतकी वर्षं ते वाचत आलो होतो, पण लोकांनी खरंच हापशावर तोंडं धुऊन समोर येऊन बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

उपासाचं मी कुणाला बोललो नाही. अठरा ते एकोणसाठ वयाच्या धडधाकट माणसानं त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं, असा नियम आहे. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या माणसाला तो ऐकवणं मला पाप वाटतं.

मोबाईलच्या उजेडात वाचन झालं. एकेकाच्या कपाळावर बोट टेकवत मी म्हणत गेलो, ‘तू माती आहेस, मातीला मिळशील, हे ध्यानात ठेव.’ चोवीस जण झाले. डबी बंद करणार तोच शेजारच्या कोपीतली एक बाई पुढे आली. बीडकडची, आमच्यातली नव्हे. कडेवर दीड वर्षाचं लेकरू, तापानं फणफणलेलं.

‘बाबा, ह्याला बी अंगारा लावा की.’

नियमाची अडचण नव्हती. राख कुणालाही लावता येते, बाप्तिस्मा झालेला असो नसो. मी म्हणालो, ‘ताई, हा अंगारा नाही. यानं ताप उतरत नाही.’

‘असू द्या. लावा.’

बोट राखेत बुडालेलं होतं. दुसरंही एक वाक्य आहे, पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा, असं. पण त्या लेकरानं कशाचा पश्चात्ताप करायचा? आणि माती आहेस हे तर माझ्या तोंडातून फुटेना. मी न बोलता क्रूस काढला. मग दोघांना मोटरसायकलवर घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलो. नर्सनं पुसायला कापूस घेतला तर आईनं तिचा हात धरला. इंजेक्शन झालं, औषध मिळालं. रात्री एकला दोघांना परत कोपीवर सोडलं.

आमच्यातली एक म्हातारी जागी होती. म्हणाली, ‘मास्तर, आमाला समद्यांला माती म्हनलात. त्या लेकराला का नाय म्हनला?’

मला उत्तर देता आलं नाही. गावात दरवर्षी मी कडेवरच्या पोरांना हेच वाक्य म्हणत आलोय, पुढच्याकडे बघत बघत. नंतर फादरांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही वाक्यं चालतात. माझा प्रश्न तो नव्हताच.

त्या वर्षी ईस्टर ३१ मार्चला आला, आणि पट्टा आधीच पडला होता. आदल्या रात्रीच्या जागरणाच्या मिस्साला ती सगळी घरं हजर होती. मेणबत्त्या विझल्यावर म्हातारी दारात थांबली आणि तिनं विचारलं, ‘त्या लेकराचं काय झालं वो?’

मी त्या बाईचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.