रात्रीचं दही

आमच्या घरी रात्री दहानंतर फ्रिजचं दार वाजलं की ते मीच उघडलेलं असतं. दह्याचा स्टीलचा डबा उरलेल्या भाजीच्या वाटीमागे दडवलेला असतो. झाकण काढलं की दुपारी जिथे डाव घातला होता तिथे खड्डा दिसतो आणि खड्ड्यात जमलेलं हिरवट पाणी. ते आधी चमच्याने पिऊन टाकायचं, मग कडेची साय धरून एक कवडी अलगद उचलायची. तेवढ्यात हॉलमधून आवाज येतो.

"कोण रे?"

"मी गं. पाणी पितोय."

"पाण्याला चमचा कधीपासून लागायला लागला?"

ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतील, मी दह्याला जाऊन चमचा लपवतो. रात्रीच्या दह्याने कफ होतो, अंग जड होतं, सांधे धरतात, हे आईचं ठाम मत. मला सर्दी झाली की ती आदल्या आठवड्यातली सगळी दही-प्रकरणं तारीखवार काढते. पावसात भिजून आलो होतो, याची मात्र कुठे नोंद नसते.

तिची बाजू भक्कम आहे, हे मान्य करायला हवं. ओळखीच्या एका वैद्यांनी मला चरकसंहितेतला श्लोकच ऐकवला: 'न नक्तं दधि भुञ्जीत'. रात्री दही खाऊ नये. संपला विषय! पण मी श्लोक पुढे वाचला आणि जरा धीर आला. तूप-साखरेशिवाय खाऊ नये, मुगाच्या कढणाशिवाय खाऊ नये, मधाशिवाय नको, आवळ्याशिवाय नको, गरम तर नकोच. म्हणजे नुसतं दही ओरपणाऱ्यांची दिवसाही धडगत नाही. आईला म्हटलं, "परीक्षेला जाताना तू हातावर दहीसाखर ठेवायचीस, त्यात तूप कुठे होतं?" त्यावर ती म्हणाली, "म्हणूनच गणितात तसे मार्क पडले." मग मी कढीचा मुद्दा काढला. दही गरम करू नये, तर ही रात्री वाट्यांवर वाट्या कढी कशी वाढते? "कढी ताकाची असते," असं म्हणून तिने तो खटलाही निकालात काढला. ताकाला आयुर्वेदात फार मान आहे, त्यामुळे पुढे बोलायची सोय नव्हती.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा तमिळ सहकारी हे सगळं ऐकून थक्क होतो. त्याच्या घरी दहीभाताशिवाय जेवण संपतच नाही, मग ते रात्रीचं का असेना. त्याचे सांधे माझ्यापेक्षा बरे आहेत. लिफ्ट बंद पडली की हे कळतं.

माझ्या पोटाचं विचाराल, तर ते दह्यावर कधी रुसलेलं नाही. दूध प्यायलो की तासाभरात पोट फुगतं, दह्याने तसं होत नाही. दुधातली साखर विरजणातले जिवाणू आधीच थोडीफार खाऊन टाकतात आणि उरलेली पचवायलाही हातभार लावतात. हां, एका रात्री छातीत अशी जळजळ झाली होती की उशीला टेकून बसून राहावं लागलं. पण त्या रात्री साडेदहाला दोन प्लेट मिसळ झाली होती, वर वाटीभर दही, आणि अकराला मी आडवा. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर येतंच. नाव मात्र दह्याचं झालं, कारण मिसळ मी बाहेर खाल्ली होती आणि दह्याचा डबा घरात रिकामा सापडला होता.

मला आपलं वाटतं, या नियमात फ्रिज नसलेल्या काळाचाही हात असावा. रात्री कोमट दुधाला विरजण लावायचं, सकाळी सहा-आठ तासांनी गोडसर दही तयार. तेच चैत्रातल्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत उघड्यावर राहिलं तर इतकं आंबायचं की जिभेला झिणझिण्या याव्यात. असलं दही खाऊन लगेच अंथरुणावर पडणाऱ्याला आजी रागावली, तर तिचं काय चुकलं? आता डब्यातलं दही दोन दिवस तस्संच राहतं आणि आजीचा राग तेवढा टिकून आहे.

परवा मात्र वेगळंच घडलं. डबा खरवडून स्वच्छ केला आणि धुऊन पालथा घातला, म्हणजे पुरावाच नको. पाठोपाठ आई दूध कोमट करून आली, फ्रिज उघडला, बंद केला. कफाबद्दल अवाक्षर नाही, सांध्यांबद्दल नाही.

"अरे, विरजणापुरतं तरी ठेवायचंस!"

रात्रीचे सव्वादहा झाले होते. समोरच्या काकूंकडे जावं, तर दिवेलागणीनंतर त्या कुणाला विरजण देत नाहीत. मी चप्पल घालून खाली दुकानाकडे निघालो, तर मागून आवाज आला, "छोटाच कप आण. मोठा आणलास तर उरलेला तूच खाशील."