ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर, एअर कूलर आणि इंदूरचा मे महिना

इंदूरमध्ये ‘कूलर घ्यायचाय’ म्हटलं की समोरचा ‘टाकी किती लिटरची?’ असं विचारतो. इथे विषय प्रोसेसरवरच्या कूलरचा आहे, पण टाकीवालाही पुढे येणारच आहे.

प्रोसेसर इंटेल आय५-१२६००के. मूळ सेटिंगला त्याचे सगळे परफॉर्मन्स कोअर (आतले जास्त वेगाचे गणन-विभाग) ४.५ गिगाहर्ट्झवर चालतात. मी ते ४.९ वर नेले (हेच ओव्हरक्लॉकिंग) आणि व्होल्टेज १.२० वरून १.३० केलं. वेग नऊ टक्के वाढला, पण उष्णता त्याशिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते, म्हणून हिशेब सव्वापटीच्या वर गेला. सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) लावलं की १९० वॅट दिसायचे. जुना चार हीटपाइपांचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा), एका पंख्याचा टॉवर कूलर जानेवारीत कसाबसा पुरला: खोली २५ अंश, प्रोसेसर ८९. मेमध्ये दुपारी खोली ३७ झाली आणि प्रोसेसर १०० ला टेकून आपणच वेग कमी करू लागला.

एअर कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. ठरावीक वॅटला तो खोलीपेक्षा ठरावीक अंश वर ठेवतो, एवढंच. परदेशी चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीतल्या असतात. तिथला ७८ चा आकडा आपल्याकडे उन्हाळ्यात नव्वदी गाठतो. म्हणून फक्त फरक बघायचा. कूलरच्या खोक्यावरचे ‘इतके वॅट टीडीपी’ (किती उष्णता पेलेल त्याचा दावा) मी वाचतच नाही.

मला १९० वॅटला पन्नासच्या आसपास फरक हवा होता, म्हणजे सहा हीटपाइप आणि दोन पंख्यांचा जोडटॉवर. नॉक्टुआ एनएच-डी१५ ची उंची १६५ मिमी आणि माझ्या कॅबिनेटची मर्यादा १६३, तो बाद. डीपकूल एके६२० १६० चा, बसला असता. पण माझी रॅम ४४ मिमी उंच असल्यामुळे पुढचा पंखा वर सरकवावा लागणार होता. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ चा, त्यात पंखा वर सरकवायला सवड राहते. तोच घेतला.

जेल रोडवरच्या एका दुकानात ‘भिया, सब में लगता है’ असं उत्तर मिळालं. लागत नाही! माझ्या प्रोसेसरचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची बैठक, एलजीए १७००. त्याची भोकं ७८ मिमी अंतरावर असतात, आधीच्या १२०० ची ७५ वर, आणि नव्या सॉकेटची उंचीही कमी आहे. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मालात १७०० चा ब्रॅकेट (कूलर बोर्डाला अडकवायची पट्टी) नसू शकतो. खोकं तिथेच उघडून बघावं.

बसवताना आठ पिनांची पॉवर केबल आधी लावली. नंतर तिथे बोटं जात नाहीत. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी उष्णतावाहक पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तळाची पारदर्शक फिल्म काढली. मधला पंखा काढल्याशिवाय पेचकस स्क्रूपर्यंत पोचत नाही.

तरी पहिल्या चाचणीत दोन कोअर बाकीच्यांपेक्षा १२ अंश गरम. कूलर उतरवला तर पेस्टचा ठसा एका बाजूला कागदासारखा पातळ आणि दुसरीकडे जाड थर, मध्ये धातूला स्पर्शच नाही. कारण साधं: एक स्क्रू आधीच पूर्ण आवळला होता. पुन्हा पुसून नवी पेस्ट लावली आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने दोन-दोन फेरे देत शेवटपर्यंत नेले. फरक चार अंशांवर आला. (एएमडीच्या एएम४ सॉकेटवर, जिथे पिना प्रोसेसरलाच असतात, कूलर उतरवताना आधी मशीन चालवून पेस्ट गरम करावी आणि कूलर हलकेच फिरवून सोडवावा, नाहीतर प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो.)

आता खोली ३७ असताना, सिनेबेंच दहा मिनिटं चालवून प्रोसेसर ८८. खोलीतला टाकीचा कूलर लावला की खोली ३१ वर येते आणि प्रोसेसर ८२ वर. त्याचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर नको: पाण्याचे तुषार आणि वाळ्याच्या काड्या सगळ्या पुढच्या जाळीत अडकतात. जाळी मी दर पंधरा दिवसांनी झटकतो, आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवतो.