पाचशेचा कागद

सोसायटीला एक हमीपत्र हवं होतं, म्हणून परवा कोर्टाबाहेर स्टॅम्प व्हेंडरच्या टेबलासमोर रांगेत उभा होतो. पुढच्या आजोबांनी शंभराची नोट पुढे केली. टेबलामागचे काका रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, “शंभरचा बंद झाला आजोबा, आता पाचशेचाच.” आजोबा काही बोलले नाहीत. बंडीच्या आतल्या खिशातून चार घड्यांची नोट काढली, उलगडली आणि ठेवली. मागे उभ्या आम्ही सात-आठ जणांनी सुस्कारा टाकला. एवढंच आमचं बंड.

मला तिथे अमेरिकेतलं बोस्टन आठवलं. बोस्टन म्हटलं की सगळ्यांना 1773 सालचा, समुद्रात फेकलेला चहा आठवतो. पण त्याच्या 8 वर्षं आधी तिथली माणसं खवळली होती ती कागदावरून. चहाच्या पेट्या बंदरात फेकण्यात नाट्य आहे. कोऱ्या कागदात कसलं आलंय नाट्य? म्हणून तो मागे पडला असावा.

फ्रान्सविरुद्धचं सात वर्षांचं युद्ध इंग्लंडने जिंकलं आणि सरकार कर्जात बुडालं. अमेरिकेतल्या फौजेचा खर्च कुठून काढायचा? पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांनी घरातलंच औषध काढलं. इंग्लंडात 1694 पासून मुद्रांक कर होताच, तो 1765 मध्ये अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींनाही लावला. करारनामा, वर्तमानपत्र, पंचांग, पदवीचं प्रमाणपत्र, दारू विकायचा परवाना, सगळं ठसा मारलेल्या कागदावर हवं. पत्त्यांच्या कॅटला 1 शिलिंग आणि फाशांच्या जोडीला 10! (पत्त्यांतला इस्पिकचा एक्काच तेवढा नक्षीदार का, हे कोडं मला लहानपणी पडायचं. इंग्लंडात पत्त्यांवरच्या कराचा शिक्का त्याच पानावर यायचा, त्याची ही शिल्लक.)

ग्रेनव्हिलसाहेबांचा हिशोब चुकला तो माणसांचा. या कराची झळ सगळ्यात आधी बसणार होती वकिलांना, छापखानेवाल्यांना आणि गुत्तेवाल्यांना. म्हणजे भांडणारे, ते भांडण छापणारे आणि त्यावर रात्रभर बोलायला जागा देणारे, तिघांनाही एकाच दमात दुखवलं. शिवाय रक्कम हे खरं दुखणं नव्हतंच. ज्या संसदेत आपला एकही माणूस नाही, तिने आपल्या खिशात हात का घालावा, हा सवाल होता.

14 ऑगस्टला सकाळी बोस्टनमध्ये एका एल्मच्या झाडाला एक पुतळा लटकलेला दिसला. तो होता नियोजित मुद्रांक अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हर यांचा. शेजारी एक भलामोठा बूट, त्यातून डोकावणारा सैतान. माजी पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांच्या नावावरची ही कोटी मराठी माणसालाही विनाभाषांतर कळते, याचा मला उगाच आनंद होतो. ऑलिव्हर यांनी पद सोडलं. कनेक्टिकटच्या जॅरेड इंगरसोल यांना तर शेकडो घोडेस्वारांनी वाटेतच गाठलं, राजीनाम्यावर सही घेतली आणि ‘स्वातंत्र्य आणि मालमत्ता’ असं तीनदा ओरडायला लावलं. बिचारे! बेंजामिन फ्रँकलिनसारख्या धूर्त माणसालाही हा वणवा आधी दिसला नव्हता. पेनसिल्व्हेनियात मुद्रांक विकायला त्यांनी आपल्याच एका मित्राचं नाव सुचवलं होतं.

1 नोव्हेंबरला कायदा लागू झाला तोवर ठसेवाला कागद विकायला जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राने आदल्या दिवशीचा अंक काळ्या चौकटीत, थडग्याच्या दगडासारखा छापला आणि ठशाच्या जागी कवटी काढली. मला या सगळ्या प्रकरणात तो अंक सर्वात आवडतो. दगड न उचलता नेम साधलाय.

वसाहतींनी इंग्लिश माल घेणं थांबवलं, तेव्हा लंडनचे व्यापारीच कर मागे घ्या म्हणू लागले. मार्च 1766 मध्ये कायदा रद्द झाला. मात्र त्याच दिवशी संसदेने दुसरा कायदा करून टाकला: वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा हक्क आमचाच. सुंभ जळला, पीळ तसाच. पुढे काच, रंग, कागद, चहा असं एकेक आलं आणि तिकडची गाडी थेट 1776 ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापाशी जाऊन थांबली.

आपल्याकडचा भारतीय मुद्रांक कायदा इंग्रजांनी 1899 मध्ये केला. ते गेले, कायदा आहे. आता निवडून दिलेली माणसं आपलीच, तेव्हा पुतळा टांगायचा तरी कुणाचा? आणि कोर्टासमोर होतं ते पिंपळाचं झाड. त्याच्या पारावर टायपिस्टची तीन टेबलं होती.

“तुमचं?” काकांनी विचारलं. नाव सांगितलं, पत्ता सांगितला. त्यांनी कागद उलटा करून मागे शिक्का मारला, रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

“सही करा. आणि कारण काय लिहू?”