शून्य चुकांचा वॉर्ड

इन्शुलिनच्या सिरिंजचं टोपण लाल असेल तर ती ४० ची, केशरी असेल तर १०० ची. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिट असतं, इन्शुलिन पेनच्या कार्ट्रिजमधलं, म्हणजे पेनात बसवायच्या नळीतलं, १००. कार्ट्रिजमधलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढून १० च्या रेघेवर थांबलात, तर पेशंटच्या अंगात १० नाही, २५ युनिट जातात. पाव मिलीचा साधा हिशेब आहे. पण तो रात्रपाळीच्या शेवटच्या तासात करायचा असतो, २८ पेशंट आणि दोन सिस्टर असताना, एकीकडे कुणी बेडपॅन मागतंय आणि दुसरीकडे सलाइन संपलंय.

स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात नेमकं हेच झालं. पेनच्या सुया संपल्या होत्या. इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, चार दिवसांपूर्वी गेलेला, स्टोअरमध्ये पडून. नाश्त्याआधीचा डोस तर द्यायचाच होता. नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेल्या मुलीने कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्शुलिन ओढलं आणि एका आजींना दिलं. पाच-सात मिनिटांनी ट्रे आवरताना तिला लाल टोपण दिसलं.

तिने गप्प बसायचं ठरवलं असतं, तर आजींना नाश्ता लवकर भरवून वेळ मारून नेता आली असती. तिने शुगर तपासली, आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, उठवलं, शिरेत व्हेनफ्लॉनची नळी होतीच, डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं सलाइन सुरू झालं. शुगर ६२ पर्यंत उतरली आणि वर आली. डॉक्टरांनी आजींच्या मुलाला खरं ते सांगितलं. दुपारी मी गेले तेव्हा आजी म्हणाल्या, "आज माझ्या बोटांची पार चाळण केलीत गं."

मग त्या मुलीने इन्सिडन्ट फॉर्म, म्हणजे वॉर्डातली चूक किंवा अपघात नोंदवायचा कागद, भरला. नाव लिहिणं बंधनकारक नाही. तिने लिहिलं, स्वच्छ अक्षरात.

मी क्वालिटी विभागात आहे. त्याआधी सोळा वर्षं वॉर्डात काढली. आठ महिने मी वॉर्डावॉर्डांत जाऊन एकच गोष्ट सांगत होते: लिहा गं, लिहिल्याने कुणाचं काही होत नाही.

महिनाअखेरच्या मीटिंगला माझाच तक्ता पडद्यावर होता. मेडिकल वॉर्ड, १४ फॉर्म. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, शून्य. एनएबीएचसाठी, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळासाठी, हे आकडे ठेवावेच लागतात आणि आमच्याकडे आकडा ठेवला की त्याला लगेच बक्षीस नाहीतर शिक्षा चिकटते. सरांनी सुचवलं, शून्यवाल्या वॉर्डाला शील्ड देऊ. आणि चौदावाल्या इनचार्जना विचारू की चाललंय काय. इन्शुलिनवाल्या मुलीला मेमो. स्टोअरच्या चार दिवसांबद्दल अवाक्षर नाही. स्टोअरचे साहेब तिथेच बसून बिस्किट खात होते.

मी हॉस्पिटल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करतेय, पोस्टाने. त्यात एमी एडमंडसन यांचं संशोधन होतं. आज त्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकवतात. हे काम त्यांच्या विद्यार्थिदशेतलं, १९९६ मध्ये छापून आलेलं. दोन हॉस्पिटलांतले आठ वॉर्ड. जिथे टीम चांगली, इनचार्ज चांगली, तिथे औषधांच्या चुका कमी सापडतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे आले ते उलटे. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! मग त्यांना शंका आली की तिथे चुका जास्त होत नसतील, जास्त बोलल्या जात असतील. म्हणून त्यांनी एका सहायकाला निकाल न सांगता वॉर्डांत पाठवलं. त्याला दिसलं ते हेच, की काही वॉर्डांत चुकांबद्दल उघड बोलणं होतं आणि काहींत माणसं जीभ चावून वागत होती. पुढे १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमचा त्यांचा अभ्यास छापून आला. ज्या टीममध्ये 'बोललो तर आपली शोभा होणार नाही' एवढा भरवसा होता, त्या टीम शिकत होत्या.

मी हे मीटिंगमध्ये सांगितलं. आवाज थोडा चढला असेल. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते अमेरिकेतलं. आणि मग काय, चुका झाल्या म्हणून पेढे वाटायचे?"

सगळे हसले. मीही हसले, त्याचा मला अजून राग येतो. पण प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. फॉर्म जास्त म्हणजे वॉर्ड चांगला, असंही सिद्ध होत नाही. एडमंडसनबाईंच्या अभ्यासात तरी तपासनीस स्वतः वॉर्डांत फिरून, केसपेपर चाळून चुका शोधत होते. माझ्याकडे फक्त फॉर्म होते.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी शून्यवाल्या वॉर्डात गेले. इन्सिडन्ट फॉर्मच्या पॅडवरचं प्लॅस्टिकसुद्धा फाटलेलं नव्हतं. २० केसपेपर काढून बसले. ड्रग चार्ट, म्हणजे औषध दिल्यावर सही करायचा कागद, वाचता येणाऱ्याला तासाभरात वॉर्ड कळतो. अँटिबायोटिकच्या आठ, दोन, आठच्या तिन्ही सह्या एकाच शाईत, एकाच झटक्यात केलेल्या. त्यातली रात्री आठची सही, आणि मी सकाळी अकराला तो कागद हातात धरून बसलेले. दोन ठिकाणी व्हाइटनर. एका पेशंटला इंजेक्शन बंद केल्याची ऑर्डर आदल्या दिवशीची, आणि सह्या आजही चालूच.

इनचार्ज सिस्टर माझ्याहून मोठ्या आहेत. मी कागद पुढे केला. वाटलं, चिडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आमच्याकडे चुकत नाही असं मी कधी म्हटलं? आम्ही आपसात निस्तरतो. मुलींना मी झापते, शिकवते, पण माझ्या दाराच्या आत. तुमचा फॉर्म शेवटी एचआरच्या फाइलला लागतो, मॅडम. मी माझ्या मुली तिकडे पाठवणार नाही."

मला उत्तर सुचलं नाही. 'फाइलला लागत नाही' असं मी म्हणू शकत होते, पण त्याच दुपारी मेमो निघाला. माझ्या आरडाओरड्यामुळे त्याचं नाव बदलून 'समुपदेशन पत्र' केलं होतं. फाइल तीच.

तेव्हापासून हा गुंता डोक्यात आहे. त्या सिस्टर वाईट इनचार्ज आहेत असं मला म्हणता येत नाही. उद्या दुखणं आलं तर त्यांच्या वॉर्डात मी झोपणार नाही, हे मात्र नक्की. त्यांनी मुलींना वाचवलं आणि चूक वॉर्डातच राहिली. मी चूक बाहेर काढली आणि मुलगी अडकली. वॉर्डातलं वातावरण इनचार्जच्या हातात असतं असं मीच मुलींपुढे पन्नासदा म्हटलंय. मेमोची सही कुणाच्या हातात असते, हे वगळून.

पत्र घेतल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली नाही. मीच गेले. ती म्हणाली, "नाही मॅडम, बरोबरच आहे, चूक माझीच होती." मग म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ना," आणि वाक्य तिथेच सोडून बेडशीट बदलायला गेली.

सुया आल्या, हे सांगायला हवं. फॉर्म वर गेल्यावर दोन दिवसांत आल्या, एका खोक्यात १००. कार्ट्रिजमध्ये सिरिंज घालायची नाही, असा कागदही आता औषधांच्या कपाटावर आहे. मीच चिकटवला.

पुढच्या महिन्यात मेडिकल वॉर्डाचे तीन फॉर्म आले. सर म्हणाले, "बघा मॅडम, केवढी सुधारणा."

मी तिन्ही वाचले. एक पेशंट बाथरूममध्ये घसरली, एका खाटेचा कठडा मोडका होता, एका नातेवाइकाने मावशींना शिवीगाळ केली. औषधाचं नाव एकातही नव्हतं.